कपाटात ठेवण्यापूर्वी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर रिकामे करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातील परवानाधारकांचे प्रश्न वर्षातून तीन वेळा हमखास वाढतात: पावसाळ्याच्या तोंडावर, खंडेनवमीच्या आठवड्यात आणि निवडणूक जाहीर झाल्यावर. एरवी महिनोन्महिने कपाटात पडून असलेले हत्यार नेमके याच दिवसांत बाहेर निघते. खालील उत्तरे परवान्याने बाळगलेल्या लहान हत्यारांविषयी आहेत. हत्यारासोबत आलेल्या कारखान्याच्या माहितीपुस्तिकेत एखादी कृती वेगळी सांगितलेली असेल, तर त्या बाबतीत पुस्तिका प्रमाण मानावी.

१. हत्यार रिकामे आहे, असे नेमके केव्हा म्हणायचे?

हत्यारात काडतूस असू शकेल अशी प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहिली आणि बोटाने चाचपली, की मगच. पिस्तुलात अशा दोन जागा असतात: मुठीत बसणारे मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, आणि नळीच्या मागच्या टोकाला असलेले चेंबर. रिव्हॉल्व्हरमध्ये चक्रातील प्रत्येक घर ही वेगळी जागा असते. कानपूरच्या कारखान्यातील .३२ रिव्हॉल्व्हरमध्ये अशी ६ घरे आहेत आणि ती सहाही पाहायची असतात. "परवा मीच काडतुसे काढून ठेवली होती" किंवा "मी यात कधी भरतच नाही" या वाक्यांना तपासणीत काही किंमत नाही. आपण हत्यार दुसऱ्याच्या हाती देतो तेव्हा ते उघडून दाखवून द्यावे, आणि घेणाऱ्यानेही आपल्यादेखत पाहिलेले असले तरी पुन्हा पाहावे. यात कोणी कोणाचा अपमान करत नाही.

२. आम्ही राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. रिकामे करताना नळी कोणीकडे धरावी?

हा प्रश्न पहिला यायला हवा, पण लोक तो बहुधा शेवटी विचारतात. चुकून गोळी सुटलीच, तर ती कोठे जाऊन थांबेल, हे हत्यार हातात घेण्यापूर्वी ठरलेले असले पाहिजे. फ्लॅटमध्ये वर, खाली आणि पलीकडे माणसे असतात. खोल्यांमधल्या साडेचार इंची भिंतीवर, दारावर किंवा लाकडी कपाटावर विसंबून राहू नये. शिवाजी पेठेतल्या जुन्या वाड्याची दगडी भिंत गोळी थोपवेल हे खरे, परंतु दगडावरून किंवा फरशीवरून गोळी उसळते आणि तिचे तुकडे कोणत्या दिशेला उडतील हे सांगता येत नाही.

घरच्या घरी करता येण्याजोगा साधा उपाय म्हणजे कोरड्या वाळूने भरलेला मजबूत डबा किंवा पिंप. वाळूची खोली किमान दीड फूट असावी, डबा जमिनीवर पक्का बसवलेला असावा आणि रिकामे करण्याचे काम दर वेळी त्याच जागी, घरातील इतर मंडळींना दुसऱ्या खोलीत पाठवून करावे. नळीचे तोंड वाळूच्या रोखाने धरावे, मात्र वाळूत खुपसू नये, कारण नळीच्या तोंडात वाळू गेलेली असताना गोळी सुटली तर नळी फुगण्याचा किंवा फाटण्याचा धोका असतो. उजव्या हाताची तर्जनी या संपूर्ण वेळात चापावर नसावी, ती चापाच्या कड्याबाहेर हत्याराच्या चौकटीला लागून सरळ ठेवावी.

३. पिस्तुलातून आधी मॅगझिन काढायचे की आधी स्लाइड ओढायची?

आधी मॅगझिन. हा क्रम उलटा झाला तर तपासणी केल्याचे समाधान मिळते आणि पिस्तूल भरलेलेच राहते. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, मागे ओढल्यावर चेंबरमधले काडतूस बाहेर पडते. पण मॅगझिन मुठीत असेल, तर स्लाइड पुढे जाताना त्याच्यातले वरचे काडतूस उचलून चेंबरमध्ये नेऊन बसवते. त्यानंतर मॅगझिन काढले, की मुठीत काही नाही, फरशीवर एक काडतूस पडलेले आहे आणि चेंबरमध्ये दुसरे बसलेले आहे, अशी स्थिती होते. पाहणाऱ्याला मात्र फरशीवरचे काडतूस दिसते आणि तो निर्धास्त होतो.

म्हणून नळी वाळूच्या रोखाने धरावी, बोट चापाबाहेर ठेवावे, मॅगझिन काढून हाताच्या अंतरापलीकडे ठेवावे आणि त्यानंतर स्लाइड पूर्ण ताकदीने शेवटपर्यंत दोन-तीन वेळा ओढावी. आता स्लाइड मागे अडकवून चेंबर आणि मुठीतली पोकळी तपासावी. काही लहान पिस्तुलांत स्लाइड अडकवण्याची कळ बाहेरच्या बाजूला नसते. तिथे ती हाताने मागे धरून पाहावे लागते. काही पिस्तुलांत सेफ्टी, म्हणजे चाप अडवून ठेवणारी कळ, लावलेली असताना स्लाइड हलतच नाही, त्यामुळे ती तेवढ्यापुरती काढावी लागते. नळीच्या दिशेचा आग्रह अशाच वेळेसाठी असतो.

४. स्लाइड ओढली आणि काहीच बाहेर पडले नाही. म्हणजे चेंबर रिकामे होते ना?

तसे धरून चालू नये. काडतुसाची कड पकडून ते बाहेर ओढणारा एक बारीक आकडा स्लाइडमध्ये असतो. तो झिजला, तुटला किंवा काजळीने भरला, तर स्लाइड मागे जाते आणि काडतूस चेंबरमध्ये जागच्या जागी राहते.

हे मला स्वतःच्या चुकीतून कळले आहे. सरावानंतर .२२ पिस्तूल पिशवीत ठेवताना मी मॅगझिन काढले, स्लाइड ओढली, आत ओझरते पाहिले आणि चेन लावायला घेतली. शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याने "करंगळी घालून बघा" असे सांगितले, ते मी खरे तर त्याचे मन राखण्यापुरते ऐकले. करंगळीच्या टोकाला गुळगुळीत पोकळीऐवजी पितळेचा थंड, सपाट गोल लागला. .२२ च्या काडतुसावर मेणाचा किंवा वंगणाचा थर असतो आणि दारूच्या काजळीत मिसळून त्याचा चिकट राप तयार होतो; त्या रापाने आकडा बुजला होता. संध्याकाळच्या उजेडात काडतुसाचे बूड आणि चेंबरची कड माझ्या नजरेला सारखीच दिसली होती. तेव्हापासून मी टॉर्च वापरतो आणि करंगळी घातल्याशिवाय स्लाइड पुढे सोडत नाही.

५. रिव्हॉल्व्हरमध्ये मॅगझिनच नसते. मग ते रिकामे करणे सोपे नाही का?

तुलनेने सोपे आहे, पण त्याच्याही काही खोडी आहेत. कानपूरचे नेहमीचे .३२ रिव्हॉल्व्हर वरची कळ दाबून मधोमध मोडते, म्हणजे बिजागरीसारखे वाकून उघडते, आणि मोडताना चांदणीच्या आकाराची एक तबकडी काडतुसे वर उचलते. २०२३ मध्ये बाजारात आलेल्या 'प्रबल' रिव्हॉल्व्हरचे चक्र बाजूला उघडते. त्यात पुढची दांडी दाबून काडतुसे बाहेर ढकलावी लागतात. दोन्हींत दिशा आणि बोट यांचा नियम प्रश्न २ प्रमाणेच पाळावा.

उघडल्यानंतरच नळी किंचित वर धरून काडतुसे खाली पडू द्यावीत आणि ती मोजावीत. भरलेली ६ असतील तर ६ बाहेर आली पाहिजेत. चांदणी अर्धवट उचलली गेली, तर एखादे काडतूस किंवा रिकामी पुंगळी तिच्याखाली सरकून अडकते. अशा वेळी चक्र जबरदस्तीने मिटवण्याचा प्रयत्न न करता चांदणी पूर्ण वर धरून ते काढावे. पावसाळ्यात हिरवट गंज चढलेली काडतुसे घरात घट्ट बसतात आणि चांदणी त्यांना हलवू शकत नाही. शेवटी चक्र सावकाश एक फेरा फिरवून प्रत्येक घरातून आरपार उजेड दिसतो का, ते पाहावे. आरपार उजेड दिसणे ही सोय पिस्तुलात नाही, रिव्हॉल्व्हरमध्ये आहे, आणि तिचा पुरेपूर उपयोग करावा.

६. बाहेर उडणारे काडतूस हातात झेललेले चालते का? फरशीवर पडले तर फुटेल, अशी भीती वाटते.

झेलू नये. अनेकजण स्लाइडच्या खिडकीवर तळहात ठेवून ती मागे ओढतात. काडतूस त्या बंद जागेत आडवे फिरले आणि त्याच्या बुडाची टोपी, म्हणजे आघाताने पेटणारा भाग, आतल्या टोकदार भागावर आपटली, तर ते हातातच फुटू शकते. असे झाल्यास पितळेचे तुकडे तळहातात घुसतात. फरशीवर पडून काडतूस फुटण्याची शक्यता त्या मानाने फारच थोडी असते. तरीही भीती वाटत असेल, तर खाली एक घोंगडे घडी करून पसरावे. काडतूस त्यावर पडते, घरंगळत पलंगाखाली जात नाही आणि मोजणीही चुकत नाही.

७. सेफ्टी लावलेली आहे. मग काडतुसे आत ठेवून कपाट बंद केले तर काय बिघडले?

सेफ्टी हा यंत्राचा एक भाग आहे, त्यामुळे तो झिजतो, अडकतो आणि कधी नकळत सरकतोही. काही पिस्तुलांत मॅगझिन काढल्यावर चाप चालत नाही, काहींत बिनदिक्कत चालतो, आणि आपले पिस्तूल यांपैकी कोणते, हे घरातल्या दुसऱ्या माणसाला माहीत नसते. चेंबर भरलेले असल्याची खूण दाखवणारी पट्टी काही पिस्तुलांत असते. तीही काजळीने अडकू शकते. यांपैकी कशावरही विसंबून तपासणी टाळू नये.

८. शेवटी खात्रीसाठी चाप ओढून पाहावा का?

खात्री प्रश्न ४ आणि ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे डोळ्यांनी आणि बोटाने होते, चापाने नाही. चापाने फक्त चूक झाली असल्याचे कळते, आणि ते फार मोठ्या आवाजात कळते. काही पिस्तुलांत स्प्रिंगवरचा ताण उतरवण्यासाठी किंवा साफसफाईकरिता भाग सुटे करण्यापूर्वी चाप ओढावाच लागतो. तिथे संपूर्ण तपासणी दुसऱ्यांदा करून, नळी वाळूच्या रोखाने धरून तो ओढावा. .२२ च्या अनेक हत्यारांत रिकाम्या चेंबरवर चाप ओढल्यास आतली सुई चेंबरच्या कडेवर आदळून दोन्हींचे नुकसान होते, म्हणून माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय तसे करू नये.

९. रिव्हॉल्व्हरचा घोडा चढलेला आहे आणि आत काडतुसे आहेत. आता चक्र कसे उघडू?

घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर पुढे आपटणारा मागचा भाग, चढलेला असताना चक्र बहुधा उघडत नाही, त्यामुळे आधी घोडा उतरवावा लागतो. या पानावरील सर्वांत नाजूक काम हेच आहे. घाम आलेल्या, तेलकट किंवा थरथरत्या हाताने ते करू नये. नळी वाळूच्या रोखाने पक्की धरावी, दुसऱ्या हाताचा अंगठा घोडा आणि चौकट यांच्या फटीत अडसरासारखा ठेवावा, चापाच्या हाताचा अंगठा घोड्यावर घट्ट दाबावा आणि मगच चाप हलकेच ओढावा. घोडा सुटल्याचे अंगठ्याला जाणवताच बोट चापावरून काढून घ्यावे आणि घोडा अंगठ्यानेच सावकाश खाली आणावा. पूर्वी रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर हा सराव केलेला नसेल, तर पहिला प्रयोग भरलेल्यावर करू नये. बोट चापाबाहेर ठेवून, नळी वाळूकडेच धरून जाणकार माणसाला बोलावून घ्यावे.

१०. रोज सकाळी भरतो आणि रात्री रिकामे करतो. काही नुकसान आहे का?

पिस्तुलाच्या बाबतीत आहे. तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये आपटले, की गोळी पितळेच्या पुंगळीत थोडी थोडी आत सरकते. आतली जागा कमी झाल्याने दारू पेटल्यावर दाब वाढतो. नव्या काडतुसाशेजारी ठेवून लांबीत फरक दिसला, तर ते काडतूस वापरू नये आणि परवानाधारक विक्रेत्याकडे द्यावे. हात मात्र दर वेळी साबणाने धुवावेत, कारण गोळीतले शिसे बोटांना लागते.

११. रिकामे केल्यावर हत्यार आणि काडतुसे कोठे ठेवावीत? आमच्याकडे पावसाळ्यात सगळ्यालाच बुरशी येते.

हत्यार एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत, आणि दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात नसाव्यात. साड्यांच्या घडीखाली, उशाशी किंवा देव्हाऱ्याच्या फळीमागे लपवणे म्हणजे ठेवणे नव्हे; घरातल्या लहान मुलांना मोठ्यांच्या लपवायच्या जागा मोठ्यांपेक्षा जास्त ठाऊक असतात. हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी परवाना घेताना आपण लिहून दिलेली असते, याचीही आठवण ठेवावी.

चामडी म्यानात हत्यार महिनोन्महिने ठेवू नये. चामडे ओलावा धरते आणि ते कमावताना वापरलेल्या रसायनांनी पोलाद गंजते. तेलाचा पातळ हात फिरवून, सुती कापडात सैलसर गुंडाळून, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या जून ते सप्टेंबरदरम्यान बदलाव्यात. काडतुसांना मात्र तेल लावू नये, कारण ते बुडाच्या टोपीत झिरपून काडतूस निकामी करू शकते.

१२. पूर आला आणि घर सोडावे लागले तर?

२०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांनंतर हा प्रश्न कायमचा झाला आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ज्यांच्या घरात पाणी शिरते, त्यांनी पातळी इशाऱ्याकडे सरकू लागताच पोलीस ठाण्याशी किंवा विक्रेत्याशी बोलून हत्यार जमा करण्याची सोय पाहावी. पाणी दारात आल्यावर भरलेले हत्यार कमरेला खोचून नावेत चढणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे.

हत्यार पाण्यात बुडालेच, तर काडतुसेही निकामी झाली असतील असे समजू नये. आधी प्रश्न ३ ते ५ प्रमाणे रिकामे करावे आणि नंतर गाळ काढावा. भिजलेली काडतुसे वाळवून परत वापरू नयेत, नदीत टाकू नयेत. मोजून पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे द्यावीत.

१३. खंडेनवमीला शस्त्रपूजेत रिव्हॉल्व्हर मांडतो. त्यासाठी वेगळे काही करावे लागते का?

पूजेच्या पाटावर मांडायचे ते हत्यार उघडलेल्या स्थितीत मांडावे: पिस्तुलाची स्लाइड मागे अडकवलेली, रिव्हॉल्व्हरचे चक्र उघडे. काडतुसे पाटावर मांडू नयेत. हळद-कुंकू आणि अक्षता चेंबरमध्ये किंवा नळीत जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी आणि पूजा आटोपताच, आरतीचे तबक फिरत असतानाच, हत्यार कपाटात जावे. पाहुण्यांना हाताळायला देऊ नये. आनंदाच्या भरात हवेत बार काढण्याची हौस असलेल्यांनी लक्षात घ्यावे, की शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर इतरांच्या जीविताला धोका होईल अशा गोळीबारास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

१४. निवडणुकीसाठी हत्यार जमा करण्याची नोटीस आली आहे. ठाण्यात गेल्यावर रिकामे केले तर चालेल का?

चालवून घेऊ नये. ठाण्यातल्या टेबलासमोर गर्दी असते आणि तिथे आपला वाळूचा डबा नसतो. घरीच रिकामे करून हत्यार आणि काडतुसे वेगवेगळ्या पिशव्यांत न्यावीत, टेबलावर ठेवण्यापूर्वी अंमलदारांना तसे सांगावे आणि हत्यार उघडून दाखवावे. पावतीवर हत्याराचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या बरोबर आहे का, ते तिथेच वाचावे. निकालानंतर परत मिळालेले हत्यार घरी आणल्यावर पहिली तपासणी पुन्हा आपली.

१५. चाप ओढला, पण गोळी सुटली नाही. लगेच उघडू का?

लगेच उघडू नये. टोपी उशिरा पेटून गोळी काही क्षणांनी सुटण्याची शक्यता असते, म्हणून नळी सुरक्षित दिशेलाच धरून किमान एक मिनिट थांबावे आणि मग प्रश्न ३ किंवा ५ प्रमाणे रिकामे करावे. आवाज नेहमीपेक्षा दबका आला असेल, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पुढची गोळी मुळीच झाडू नये. काडतूस चेंबरमध्ये घट्ट रुतले असेल, तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नये आणि समोरून काठी ठोकू नये. मॅगझिन काढावे, नळी वाळूकडे ठेवावी आणि विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्याला आधी फोन करून, ते सांगतील तसे करावे. तशा स्थितीतले हत्यार दुचाकीच्या डिकीत घालून निघू नये.

१६. सासरे वारले आणि त्यांच्या तिजोरीत रिव्हॉल्व्हर सापडले. आम्हांला त्यातले काही कळत नाही. रिकामे करून ठाण्यात न्यावे का?

आपण हात लावू नये. तिजोरी पुन्हा बंद करावी, मुलांना दूर ठेवावे आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवून त्यांच्या माणसाकडून ते रिकामे करून घ्यावे. परवाना व्यक्तीच्या नावाने असतो, वारसाकडे तो आपोआप येत नाही. अशा वेळी हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा अटींसह परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ मध्ये आहे. वारसाला ते ठेवायचे असल्यास स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येतो. तिजोरीत परवान्याची वही सापडली, तर ती हत्याराबरोबर द्यावी. वही नसेल किंवा सापडलेली वस्तू गावठी कट्टा असेल, तर ११२ वर फोन करावा. कट्ट्याचे भाग कसे बसवलेले आहेत हे कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे तो रिकामा करण्याची कोणतीही रीत येथे दिलेली नाही.

१७. गगनबावड्याकडे आमच्या घरी पीकसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे. तिला हेच नियम लागू होतात का?

दिशा आणि बोट यांचे नियम तेच, बाकीचे नाहीत. तिच्यात दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून ठासलेले असतात, त्यामुळे उघडून पाहण्यासारखे चेंबरच नसते. भरलेली आहे की नाही, हे नळीत गज सोडून त्याची आत गेलेली लांबी बाहेरून नळीला लावून मोजल्यावर कळते. गज नळीच्या बुडापर्यंत पोचत नसेल, तर आत काहीतरी आहे. गज सोडण्यापूर्वी बोंडीवरची केप, म्हणजे घोडा आपटल्यावर दारू पेटवणारी छोटी टोपी, काढावी आणि गज सोडताना तोंड किंवा छाती नळीच्या समोर आणू नये. केप काढल्याने बंदूक सुटण्याची शक्यता कमी होते, पण ती रिकामी होत नाही. ठासलेली दारू पेचाच्या गजाने उपसण्याचे काम ज्याने ते पूर्वी केलेले आहे त्याच्याकडूनच करून घ्यावे, आणि तोवर केप बंदुकीपासून वेगळ्या कुलपात ठेवाव्यात.